पूर्वजांना कळवायची बाब

देगूहून गोमशिलला जाणाऱ्या रस्त्यावर जिथे जिथे गतिरोधक होता, तिथे तिथे नामगुंग सोकग्यूने डोळे मिटून आपल्या सगळ्या पूर्वजांचं स्मरण केलं. भक्तीने नव्हे. त्याला टाके पडले होते, आणि ते अशा जागी होते की गाडी चालवणाऱ्या चुलतभावाला, मुनग्यूला, त्याबद्दल काही सांगण्याची सोय नव्हती.

"उशी कशाला घेतलीयस?" मुनग्यूने विचारलं.

"पाठ धरलीय."

"उशी पाठीला कुठेय? तू तिच्यावर बसलायस."

"पाठीचा खालचा भाग धरलाय."

मुनग्यूने मान डोलावली. तो उल्सानला जहाजांच्या गोदीत कामाला होता. माणसाचा कुठला भाग कुठे सुरू होतो याबद्दल त्याचा फारसा आग्रह नव्हता.

काल सकाळी डॉक्टरीणबाईंनी सोकग्यूचा अंडकोष उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या केसासारख्या नळ्यांमधून जरा टपोऱ्या दिसणाऱ्या नळ्या वेचून काढल्या होत्या. त्यांत शुक्राणू सापडले तर मूल होण्याची आशा होती, नाही तर नव्हती. काल संध्याकाळपर्यंत एकही सापडला नव्हता. "उद्या त्या नळ्या विरघळवून पुन्हा शोधू," बाई म्हणाल्या होत्या. "दुपारपर्यंत कळवू. तोवर आराम करा. जड उचलू नका, पळू नका, डोंगर चढू नका."

डोंगराचं त्या आपलं उदाहरणादाखल बोलल्या होत्या. सोकग्यूचा चेहरा मात्र पडला.

कारण आज दहाव्या चांद्र महिन्यातला पितृविधी होता, आणि तो डोंगरावर होता. नामगुंगांचा मूळ पुरुष शहाणा असावा, पण थडग्याची जागा निवडताना त्याने जखमी वंशजांचा विचार केला नव्हता. त्यात बाबांचे गुडघे गेल्यामुळे दारूचा पहिला पेला या वर्षीपासून सोकग्यूने वाहायचा होता. थोरल्या पातीचा, म्हणजे शाखेचा, थोरला मुलगा, एकविसावी पिढी. तो आला नाही तर कुणी रागावलं नसतं. सगळे एवढंच म्हणाले असते की, "असेल काही कारण." आणि हे वाक्य गोमशिलमध्ये पुढची तीस वर्षं म्हटलं गेलं असतं.

शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलता येत नव्हती, कारण ती त्याच्या बायकोच्या, बोरामच्या, अंगच्या कॅलेंडरवर ठरली होती. आज सकाळी तिची अंडी काढणार होते. शुक्राणू सापडले तर आजच अंड्यांत सोडायचे. नाही सापडले तर अंडी गोठवायची आणि मग काय करायचं ते दोघांपैकी कुणीच अजून मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"तू जा," बोराम म्हणाली होती. "इथे थांबून काय करणार? कॉरिडॉरमध्ये उभा राहून नुसता घामाघूम होशील. ताई आहे माझ्याबरोबर. काही कळलं की मीच फोन करते."

"तिकडे फोन बंद ठेवावे लागतात."

"बंद ठेवलास तर घरी येऊ नकोस."

म्हणून पांढऱ्या झग्याच्या रुंद बाहीत, जिथे जुन्या काळचे विद्वान कागद आणि पंखा ठेवायचे, तिथे त्याने फोन ठेवला होता. आवाज बंद, फक्त थरथर चालू.

दोष काय तो दोन महिन्यांपूर्वीच कळला होता. सोकग्यू चष्म्याच्या फ्रेमांच्या कारखान्यात तपासनीस होता. भिंग डोळ्याला लावून दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या खोटी काढायचा, आणि बाईंनी संगणकावर त्याचा अहवाल दाखवला तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "हा माल परत कुणाकडे पाठवायचा?"

"वडिलांकडे," बाई हसल्या नाहीत. "हे वाय गुणसूत्र. पुरुषाला ते बापाकडून मिळतं, आणि बापाचं तेच मुलाला, जवळजवळ जसंच्या तसं. शुक्राणू घडवायला लागणारी काही जनुकं याच्यावर असतात. तुमच्यात तो एवढासा तुकडा गळलाय. बाकी तुम्ही ठणठणीत आहात."

"बाबांचाही गळलाय?"

"सांगता येत नाही. बऱ्याचदा बापाचं सगळं जागच्या जागी असतं, आणि मुलाच्या वेळीच तो तुकडा सुटतो. क्वचित बापातही असतो, आणि तरी तरुणपणी त्याला मूल होऊन जातं. तपासलं तरच कळेल." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "एक गोष्ट आधीच सांगते. मूल झालं, आणि तो मुलगा असला, तर त्यालाही हेच मिळणार. मुलीला मिळणार नाही, मुलीला वाय जातच नाही."

ज्या घराला एकवीस पिढ्या फक्त मुलगा हवा होता, त्या घराचा वारसा म्हणजे आता हा होता. सोकग्यू घरी आला, भात खाल्ला, भांडी घासली आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

बाबांना त्याने काही सांगितलं नव्हतं. नामगुंगांच्या थोरल्या घरात मोठी गोष्ट आधी पूर्वजांना कळवायची आणि मग माणसांना, अशी रीत होती, आणि बाबांची मोठ्या गोष्टीची व्याख्या भलतीच रुंद होती. लग्न, परीक्षा, परदेशवारी हे तर झालंच, पण छपरावर सौर विजेची पॅनेलं बसवली तेव्हाही त्यांनी देवघराचं दार उघडून, तीन पेले ठेवून रीतसर वर्दी दिली होती. त्या वर्दीचा मजकूर जुन्या चिनी अक्षरांत ग्योंगमुक काकांनी लिहिला होता, आणि त्यात त्या पॅनेलांना "सूर्य पिणारी कौलं" म्हटलं होतं. आपल्या गळलेल्या तुकड्याला काका काय म्हणतील, या विचाराने सोकग्यूला दोन महिने नीट झोप नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी चाळीसएक भाऊबंद जमले होते. पांढरे झगे, घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या, खाली धावायचे बूट. बाबा काठी टेकून पुढे उभे होते.

"उशीर केलास."

"गतिरोधक फार होते, बाबा."

"ते गेल्या वर्षीही होते."

चढण सुरू झाली. सोकग्यू पाय फाकवून, एकेका पावलाचा अंदाज घेत चढायला लागला. मागून ग्योंगमुक काका येत होते. हातात मजकुराची गुंडाळी, खांद्यावर सुक्या माशाची पिशवी. ते बराच वेळ त्याची चाल बघत राहिले. मग जवळ येऊन हलकेच म्हणाले, "मूळव्याध?"

नाही म्हटलं असतं तर दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. "हो, काका."

"ऑपरेशन?"

"काल."

काकांना हळू बोलता येत असे ते फक्त पहिल्या शब्दापुरतं. पुढच्या वळणापर्यंत ही बातमी सगळ्या रांगेत पोचली. एकाने वाफेवर बसायचा पाला सुचवला, दुसऱ्याने पाल्याची निंदा केली. दुसऱ्या पातीचे तॅशिक आजोबा, जे ऐंशीच्या पुढचे होते आणि सगळ्यांच्या पुढे चढत होते, ते मात्र जागीच थांबले.

"ओली जखम असलेल्यानं पेला धरायचा नाही," ते म्हणाले.

रांग थांबली. हे खरंच होतं. विधीच्या आधी रक्त, आजार, मयत यांपासून लांब राहायचं. अंगावर ओली जखम असेल तर पूर्वजांसमोर जायचं नाही.

"मग कोण वाहणार?" मुनग्यूने विचारलं.

"आमच्या पातीचा थोरला आहे की," तॅशिक आजोबा अगदी सहज म्हणाले. हे सहजपण त्यांनी गेली चाळीस वर्षं जपून ठेवलं असावं.

डोंगराच्या निम्म्यावर भाऊबंदांची सभा बसली. म्हणजे उभी राहिली. अंगावर गळू असताना पेला वाहिलेल्या एका पूर्वजाचा दाखला निघाला, पण गळू फुटलं होतं की नव्हतं यावर एकमत होईना. सोकग्यूने बाहीत हात घालून फोन चाचपला. सूर्य पाइनच्या शेंड्यांवर आला होता. बोरामची अंडी एव्हाना निघाली असतील. ती भुलीतून बाहेर येऊन विचारत असेल, मिळाले का?

शेवटी ग्योंगमुक काकांनी तोड काढली. "असं बघा. नमस्काराला वाकलं की माणसाचं तोंड थडग्याकडे होतं. मागची बाजू गावाकडे. जखम मागे आहे. म्हणजे ती पूर्वजांच्या नजरेला पडत नाही. पडलीच तर गावाच्या पडेल."

"गावाचं काय, गावानं बरंच बघितलंय," कुणीतरी म्हणालं.

हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. तॅशिक आजोबांनाही पटला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाने दिसत होतं. रांग पुन्हा हलली. फक्त सोकग्यूला ठाऊक होतं की जखम पुढे आहे, आणि तो वाकला की ती थेट मूळ पुरुषाच्या समोर येणार आहे.

थडग्यापाशी दगडी चौथऱ्यावर बोरं, चेस्टनट, पर्सिमन, तांदळाच्या वड्यांची उतरंड आणि सुका मासा मांडायला सुरुवात झाली. बाबांनी काठीने सोकग्यूला खूण केली आणि एका जाड पाइनच्या आड नेलं.

"दाखव," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"जखम. पेला माझ्या जागी वाहतोयस. मला खात्री हवी."

"बाबा, असं उघड्यावर..."

"मी तुझा बाप आहे. तुझे लंगोट मी वाळत घातलेत."

टोपी घातलेला, पांढऱ्या झग्यातला तो म्हातारा, हात पाठीमागे बांधून, एखाद्या सरकारी पुलाची पाहणी करायला आल्यासारखा उभा होता. हा माणूस हटणार नाही हे सोकग्यूला तिशी उलटेपर्यंतच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने झग्याची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि खाली बघत सगळं सांगितलं. मूळव्याध नाही. जखम पुढे आहे. मूल होत नाही ते बोराममुळे नाही, माझ्यामुळे. गुणसूत्र, ते बापाकडून जसंच्या तसं येतं, त्यातला तुकडा गळलाय, काल काही सापडलं नाही, आज दुपारपर्यंत फोन येईल. आणि मुलगा झालाच तर त्याचंही असंच होईल.

मांडणी करणाऱ्यांत वड्यांच्या उतरंडीवरून वाद चालला होता, तेवढाच आवाज.

"जसंच्या तसं जातं म्हणालास."

"हो."

"म्हणजे माझ्याकडून?"

"तसंच नाही. बऱ्याचदा मुलातच नव्याने होतं, असं बाई म्हणाल्या. तपासल्याशिवाय—"

"तू किती उशिरा झालास ते माहितीय तुला?"

सोकग्यूला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"तुझ्या आईला माझ्या आईनं काढे पाजले. कडू जहर. सकाळी एक, रात्री एक. मग मावश्यांनी पाजले. मग देगूहून कुणी वैद्य आणला, त्यानं आणखी कडू दिले. इतकी वर्षं. ती नाक दाबून प्यायची आणि मी समोर बसून जेवायचो." बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला कुणी एक चमचा दिला नाही."

"बाबा, तुमच्यात दोष आहे असं कुणीच—"

"चल."

"कुठे?"

"ही बाब आहे. बाब कळवावी लागते."

सोकग्यूने त्यांची बाही धरली. "बाबा, नको. सगळे आहेत तिथे."

"वरचे जास्त आहेत," बाबा म्हणाले, आणि चालायला लागले.

बाबांनी ग्योंगमुक काकांना गुंडाळी बाजूला ठेवायला लावली. काकांनी विचारलं की बाब काय आहे, म्हणजे दोन ओळी लिहून देता येतील. बाबा म्हणाले, याला जुन्यात शब्द नाही. मग त्यांनी टोपी सरळ केली, मोडक्या गुडघ्यांवर कसेबसे बसले आणि ज्या आवाजात ते रोज संध्याकाळी शेजाऱ्याला कुत्रं बांधायला सांगत, त्याच आवाजात थडग्याशी बोलले.

"थोरल्या पातीचा, विसाव्या पिढीचा ह्योंगदो कळवतो. तुमच्यापासून आमच्यापर्यंत जे एक बापाकडून लेकाकडे आलं, त्यातला तुकडा वाटेत सांडलाय. त्यामुळे सोकग्यूला मूल होत नाही. सुनेची काही चूक नाही. सोकग्यूचीही नाही. कुणी सांडला माहीत नाही. माझ्या हातून सांडला असेल. मी रक्त तपासून घेणार आहे. माझ्या बायकोला उगाच काढे पाजले, तेही कळवतो. काल पोराचं ऑपरेशन झालं. जखम पुढे आहे. पेला तोच वाहील. राग आला तर माझ्यावर काढा."

चाळीस टोप्या सोकग्यूकडे वळल्या. सोकग्यूला वाटलं, आता डोंगर खचावा. खचला तर बरं होईल, निदान उतरावं लागणार नाही.

पहिले बोलले ते तॅशिक आजोबा. "आमच्या पातीत तो तुकडा आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?" काकांनी विचारलं.

"मला सहा मुलगे आहेत."

"सहा मुलगे ही तुमच्या बायकोची मेहनत आहे."

"आम्ही बाराव्या पिढीत वेगळे झालो. तेव्हा सगळं शाबूत होतं."

"बघितलं होतंत?"

"म्हणजे सांडला तो त्यानंतर, थोरल्या पातीत," आजोबांनी काठी आपटली. "आम्ही नेलं तेव्हा पूर्ण होतं. लिहून ठेवा."

तिसऱ्या पातीच्या एकाने उठून सांगितलं की त्यांचंही पूर्ण आहे, पण तपासणीचा आग्रह कुणी धरू नये. त्यावर आग्रह कोण धरतंय अशी विचारणा झाली. गोमशिलच्या डोंगरावर, मूळ पुरुषाच्या पुढ्यात, आपापल्या गुणसूत्राच्या अखंडपणाबद्दल नामगुंगांच्या तीन पात्यांत भाऊबंदकी जुंपली. दोन महिने ज्या गोष्टीपायी सोकग्यू भांडी पुन्हा पुन्हा घासत होता, ती आता वड्यांच्या उतरंडीइतकी सार्वजनिक झाली होती. लग्नाला सहा वर्षं झालेला मुनग्यू सोकग्यूच्या जवळ येऊन उभा राहिला आणि समोर बघत म्हणाला, "ते हॉस्पिटल देगूत कुठे आहे?"

सोकग्यू उत्तर देणार तोच बाही थरथरली.

त्याचा हात आत गेला आणि तिथेच राहिला. फोन बाहेर काढायचा नाही ही रीत होती, पण ते कारण नव्हतं. फोन वाजत होता तोवर अजून काहीच झालेलं नव्हतं. अजून सापडले असण्याची जागा होती. उचलला की ती जागा जाणार.

"उचल," बाबा म्हणाले.

भांडण थांबलं. तॅशिक आजोबांनी कानामागे हात धरला.

"ऐकतोयस?" बोरामचा आवाज घोगरा, लांबून आल्यासारखा.

"हो."

"तू थडग्यापाशी आहेस?"

"सगळेच आहेत. सगळ्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

"सगळं. नंतर सांगतो. बोराम, मिळाले?"

"चार."

त्याला आकडा समजला नाही. "काय चार?"

"चार मिळाले. शेवटच्या ताटलीत. एक हलतोय, एक हलल्यासारखा करतोय. उरलेल्या दोघांबद्दल त्या काही बोलत नाहीत. आता अंड्यांत सोडतायत. बाई म्हणाल्या, आशा धरा, पण दोन्ही हातांनी नको." ती थांबली. "सोकग्यू, मुलगा झाला तर आपण त्याला लवकर सांगू. लहानपणीच. असं कुणी त्याला आडोशाला नेऊन विचारायच्या आत."

"तुला झाडाचं कसं कळलं?"

"कसलं झाड?"

"नंतर सांगतो."

"अंडी फळली की नाही, ते उद्या सकाळी कळेल. ठेवते. दुखतंय."

सोकग्यूने फोन बाहीत ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, "चार." बाबांनी थडग्याकडे वळून तोच आकडा पुन्हा सांगितला, वर्दी पूर्ण व्हावी म्हणून.

मग त्याने पेला वाहिला. टाके सांभाळताना निम्मी दारू दगडावर गेली, आणि वाकताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो विधीतला नव्हता. उठताना एका बाजूने मुनग्यूने धरलं, आणि दुसऱ्या बाजूने, नाइलाजाने का होईना, तॅशिक आजोबांनी.

विधी उरकला की वाहिलेलं अन्न जागेवरच वाटून खायचं आणि आपापल्या गावाला निघायचं, अशी पद्धत. खाऊन झालं, तरी कुणी उठेना. चार म्हणजे पुरेसे की कमी, यावर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. शेवटी तॅशिक आजोबांनी हात पुसले आणि विचारलं, "उद्याचा फोन कितीला येणार?"

"सकाळी, म्हणाली."

"मग आता जाऊन काय करायचं," आजोबा म्हणाले. "घरी बसून कुणाला झोप येणार आहे?"

संध्याकाळी थोरल्या घराच्या अंगणात दोन चुली पेटल्या. आई मुळे चिरत होती, आणि बाबा तिच्याशेजारी बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, लसूण सोलत होते. वाईट सोलत होते. ती त्यांच्या हातून पाकळ्या काढून घ्यायची आणि पुन्हा सोलायची, पण उठा म्हणत नव्हती. पडवीत झगे काढून बसलेल्या भाऊबंदांच्या मधोमध सोकग्यूचा फोन चार्जिंगला लावलेला होता, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी वाकून तो किती भरला ते बघत होतं.

सोकग्यूने फोन उचलून मागच्या अंगणात नेला तेव्हा तिघे उठून उभे राहिले. त्याने त्यांना हाताने बसवलं.

"उद्या नक्की कितीला करशील?" त्याने बोरामला विचारलं.

"कळलं की लगेच. का?"

"इथे लोक मुक्कामाला थांबलेत."

"कशासाठी?"

"त्या चौघांसाठी."

"किती लोक?"

त्याने कोपऱ्यावरून डोकावून बघितलं. गाद्या कमी पडल्या म्हणून ग्योंगमुक काका शेजाऱ्याकडून मागून आणत होते. "आई तिसरी चूल लावतेय."

पलीकडून दबलेला, अडखळत फुटणारा आवाज आला. ती रडतेय असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की ती हसतेय.

"हसवू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "दुखतं."

"मलाही," सोकग्यू म्हणाला, आणि भिंतीला धरून हळूच उभा राहिला.